कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी मागे चालणारे प्रोग्रॅम असे शोधा, असे थांबवा

“लई स्लो चालायलंय ओ, फॉरमॅट मारून द्या.” सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलामागे बसलं की हे वाक्य रोज कानावर पडतं. सीपीयूचा डबा जुन्या चादरीत गुंडाळून, गाडीवर दोन पायांत धरून लोक तो नवी पेठेपर्यंत आणतात. उघडून बघावं तर बहुतेक वेळा विंडोज धड असतं. न बोलावता आलेले दहा-पंधरा प्रोग्रॅम मागे चालू असतात, आणि कुठला तरी व्हिडिओ बघून मालकाने त्यातले नेमके नको ते बंद केलेले असतात.

चूक होते ती क्रमाची. लोक आधी बंद करतात आणि मग विचारतात, ते काय होतं? खालचा क्रम विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे. दीड-दोन तास मोकळे असतील तेव्हाच बसा. जीएसटीच्या ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर, पगाराच्या दिवशी किंवा लग्नसराईत गिऱ्हाईक उभं असताना या कामाला हात घालू नका.

## तयारी : हात लावण्याआधी

वही-पेन घ्या. तीन रकाने आखा: काय बदललं, आधी काय होतं, किती वाजता. मोबाईलवर फोटोही काढा, पण वही हवीच. चौथा बदल करेपर्यंत पहिला आठवत नाही, हे मी खूपदा बघितलंय.

काय चालू राहिलंच पाहिजे, याची यादी करा. ही पायरी सगळेच गाळतात. टॅली, बिलिंग, प्रिंटर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, आधारसाठीचं अंगठ्याचं मशीन, दुकानाचा कॅमेरा. या प्रत्येकाचा एखादा तरी तुकडा मागे चालत असतो आणि त्याचं नाव बघून तो कशाचा आहे हे कळत नाही. मशीन दुसरं कुणी वापरत असेल तर त्यालाही विचारा. मुलाच्या ऑनलाइन क्लासचं ॲप वडील ‘फालतू’ म्हणून उडवतात आणि सोमवारी सकाळी घरात गोंधळ होतो.

बॅकअप घ्या. टॅलीचा डेटा, बिलिंगचा डेटा आणि डेस्कटॉपवरच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या.

रिस्टोर पॉइंट बनवा. स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिस्टोर पॉइंट’ टाइप केलं की ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ दिसेल. उघडल्यावर सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असेल, बऱ्याच मशीनवर तसंच असतं, तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन ते आधी चालू करा. मग ‘क्रिएट’ दाबा आणि आजची तारीख घालून नाव द्या. रिस्टोर पॉइंट सेटिंग्ज मागे नेतो, तुमच्या फायली परत आणत नाही. म्हणून वरचा बॅकअप वेगळा सांगितलाय.

युपीएस तपासा. मध्येच लाईट गेली आणि विंडोज अपडेट अर्धवट राहिला, तर दुखणं वाढेल.

> तपासा: रिस्टोर पॉइंट तयार झाल्याचा संदेश आला का? पेनड्राइव्हवरची एखादी फाईल उघडून बघितली का? दोन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## १. शटडाउन नको, रीस्टार्ट करा

“मी रोज रात्री बंद करतो की.” बरोबर आहे, पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. दिवस साठत जातात. पूर्ण कोरी सुरुवात फक्त रीस्टार्ट केल्यावर होते.

खात्री करून घ्यायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा आणि ‘अप टाइम’ वाचा. त्यातला पहिला आकडा दिवसांचा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे २०-२५ दिसलं की समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो.

रीस्टार्ट करा आणि दहा मिनिटं काहीही उघडू नका. सुरुवातीला विंडोज स्वतःचीच कामं उरकत असतं. या वेळात घेतलेलं माप खोटं असतं, आणि निम्मे लोक नेमके याच वेळात घाबरून ‘एंड टास्क’ (टास्क मॅनेजरमधलं प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करायचं बटण) दाबत सुटतात.

वहीत दोन आकडे लिहा. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती सेकंद लागले (मोबाईलचं स्टॉपवॉच चालेल), आणि दहा मिनिटांनंतर मोकळ्या मशीनवर सीपीयू, मेमरी, डिस्क किती टक्के आहेत.

## २. कोणता रकाना भरलाय ते बघा

आपल्याकडे डब्यालाच सीपीयू म्हणतात. टास्क मॅनेजरमधला सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. ‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने दिसतील. ज्या रकान्याच्या डोक्यावर टक्के जास्त, त्याच्या नावावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. यादी उड्या मारत असेल तर अर्धा मिनिट नुसतं बघा. क्षणभर वर येऊन खाली जाणारा प्रोग्रॅम गुन्हेगार नसतो. पाच मिनिटं वरच बसून राहतो तो आपला.

सीपीयू भरलेला. काही न करता ३० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर कुणीतरी काम करतंय. ‘डिटेल्स’मध्ये ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’समोर ९५ दिसलं म्हणून दचकू नका. प्रोसेसर ९५ टक्के रिकामा बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. ती बंद कशी करायची, असं विचारणारे आठवड्याला एक-दोन जण तरी भेटतात.

मेमरी भरलेली. ४ जीबी रॅमच्या मशीनवर काही न उघडता निम्म्याहून जास्त मेमरी भरलेली असते, ते नेहमीचंच आहे. मेमरी वापरात असणं हा दोष नाही. ती ८५-९० टक्क्यांवर जाते आणि खिडकी बदलताना मशीन अडखळतं, तेव्हा उपाय करायचा.

डिस्क १०० टक्के. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर हे सर्रास दिसतं. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क निवडली की बहुतेक मशीनवर ती एचडीडी (फिरती हार्डडिस्क) आहे की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) ते लिहिलेलं असतं. तिथेच ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा. वाचणं-लिहिणं अगदी किरकोळ चाललेलं असताना हा आकडा सारखा शेकडो मिलिसेकंदांत राहत असेल, तर डिस्कच आजारी असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर इथेच थांबा आणि सगळ्या डेटाचा बॅकअप आधी पूर्ण करा.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट बघायची. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि यंत्रमागाच्या आसपास सुताची तूस हवेत कायम असते. ही तूस पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या फटींत नमद्यासारखी बसते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ असे दोन आकडे असतात. वापर ९०-१०० टक्के आणि स्पीड मात्र बेस स्पीडच्या बराच खाली, असं सतत दिसलं तर प्रोग्रॅम शोधत बसण्यात अर्थ नाही. मशीन बंद करून डबा उघडा, पंख्याला बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने तूस काढा. पंखा न धरता ब्लोअर मारू नका, तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावून परत बघा, बॅटरीवरही वेग कमी होतो.

> तपासा: “माझ्या मशीनवर अमुक रकाना भरलेला आहे आणि तो अमुक प्रोग्रॅममुळे,” असं वाक्य वहीत लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून काही बंद करायची वेळ आलेली नाही.

## ३. नाव ओळखा

संशयित नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडा. फाईल कोणत्या फोल्डरमध्ये राहते यावरून निम्मी ओळख पटते. मग त्या फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा, म्हणजे कंपनीचं नाव कळेल. नाव ओळखीचं नसेल तर ‘सर्च ऑनलाइन’ आहेच, पण पहिल्याच पानावर ‘हे काढण्यासाठी आमचं टूल डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

यांना कधीही ‘एंड टास्क’ करू नका: क्लायंट सर्व्हर रनटाइम प्रोसेस, विंडोज लॉगॉन ॲप्लिकेशन, विंडोज स्टार्ट-अप ॲप्लिकेशन, विंडोज सेशन मॅनेजर, लोकल सिक्युरिटी अथॉरिटी प्रोसेस, सर्व्हिसेस अँड कंट्रोलर ॲप, सिस्टीम. यातलं काही बंद पडलं तर मशीन निळी स्क्रीन दाखवून किंवा सरळ रीस्टार्ट होऊन तुमचं न साठवलेलं काम घालवेल.

जास्त खाताना दिसणारी पण विंडोजचीच असलेली काही नावं:

‘ॲन्टीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा डिफेंडर. तो स्कॅन करत असेल तर करू द्या. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट बसवला जातोय. हा मध्येच मारला तर अपडेट अडकतो आणि उद्या परत तोच त्रास. रविवारी रात्री मशीन युपीएसवर चालू ठेवा, सकाळपर्यंत काम उरकेल. ‘सर्च इंडेक्सर’ फायलींची सूची बनवतो. नवीन मशीनवर किंवा खूप फायली कॉपी केल्यावर तो काही तास धावतो आणि मग शांत होतो.

‘सर्व्हिस होस्ट’ या नावाने पन्नासेक ओळी दिसतात. एकाच नावाच्या इतक्या ओळी म्हणजे व्हायरस, असा समज घट्ट बसलेला आहे. विंडोजच्या वेगवेगळ्या सेवा त्या एका नावाखाली चालतात, म्हणून त्या तितक्या दिसतात. मात्र ‘ओपन फाईल लोकेशन’ केल्यावर विंडोजमधल्या ‘सिस्टीम ३२’ फोल्डरऐवजी डाउनलोड्स किंवा टेम्पसारखा भलताच फोल्डर उघडला, तर ती भोंदू फाईल समजा.

> सावधान: कंपनीचं नाव नाही, फाईल टेम्पमध्ये, सीपीयू मोकळ्या वेळीही भरलेला, आणि टास्क मॅनेजर उघडताच आकडा धाडकन खाली येतो: अशी लक्षणं दिसली तर हाताने काढत बसू नका. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’, मग ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत स्कॅन होतो. फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलेल्या मशीनवर हे मला सगळ्यात जास्त सापडतं.

## ४. थांबवा, पण सभ्यपणे

आधी प्रोग्रॅमला स्वतःहून बंद व्हायची संधी द्या. खाली उजवीकडे घड्याळाशेजारी वर तोंड केलेला छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की लपलेली चिन्हं दिसतात. चिन्हावर राइट क्लिक करून ‘एक्झिट’ किंवा ‘क्विट’ करा. खिडकीचा कोपऱ्यातला फुली मारलेला चौकोन दाबला म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला, असं समजू नका. चॅटची, क्लाउडची आणि गाण्यांची बरीच ॲप्स फुली दाबल्यावर या बाणाखाली जाऊन बसतात.

तसं जमलं नाही तरच टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’. एका वेळी एकच. मारल्यावर दोन मिनिटं थांबा आणि रकाना बघा. आकडा उतरला तर वहीत नाव लिहा. उतरला नाही तर तो नव्हताच, पुढचा बघा.

टॅली किंवा कोणतंही डेटा लिहिणारं सॉफ्टवेअर ‘एंड टास्क’ने बंद करू नका. अर्धवट लिहिलेली नोंद पूर्ण डेटा बिघडवू शकते. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसत असलं तरी आधी पाच मिनिटं वाट बघा.

क्लाउडमध्ये फायली चढवणारं ॲप मेमरी आणि डिस्क खात असेल तर ते उडवण्याऐवजी ‘पॉज’ करा. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवायची सोय आहे. घाईने ‘अनलिंक’ करणाऱ्यांचा डेस्कटॉप रिकामा दिसायला लागतो, कारण त्यांचा डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो आणि काही फायली फक्त ऑनलाइन असतात. फायली गेलेल्या नसतात, पण त्या सापडेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो.

‘एंड टास्क’ तेवढ्यापुरता असतो. उद्या सकाळी तो प्रोग्रॅम परत हजर होणार. सगळ्यात जास्त लोक इथे थांबतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. त्याला दारातच अडवायचं काम पुढच्या पायरीत आहे.

## ५. सुरुवातीला उठणाऱ्यांना अडवा

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ (विंडोज ११ मध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’) उघडा. पहिल्यांदा या यादीचा फोटो काढा. मग ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ रकान्यावर क्लिक करून ‘हाय’वाले वर आणा. हा शेरा अंदाजाने दिलेला नसतो. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त उलाढाल झाली तर ‘हाय’, असा मायक्रोसॉफ्टचा हिशोब आहे.

नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’. इथे डिसेबल केल्याने प्रोग्रॅम मशीनवरून जात नाही. तो आपोआप उठत नाही, एवढंच. तुम्ही उघडलात की चालतो. म्हणून ही पायरी धाडसाने करायला हरकत नाही, फक्त तयारीतली यादी शेजारी ठेवा.

बिनधास्त बंद करण्यासारखे: चॅट आणि मीटिंगची ॲप्स, गाण्यांची ॲप्स, गेमचे लाँचर, मोबाईल जोडायचे जुने प्रोग्रॅम, टोरेंट, प्रिंटरची शाई दाखवणारे किंवा नवी कार्ट्रिज विकायला बघणारे प्रोग्रॅम, लॅपटॉपसोबत आलेली कंपनीची ‘असिस्टंट’ ॲप्स.

राहू द्या: एकच अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाच्या ड्रायव्हरचे प्रोग्रॅम, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम.

‘एकच अँटिव्हायरस’ मुद्दाम लिहिलंय. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायलचा एक, दुकानदाराने टाकलेला दुसरा, असे दोन असतील तर दोघं प्रत्येक फाईल तपासतात आणि एकमेकांवरही नजर ठेवतात. मशीन गुडघ्यावर येतं. मुदत संपलेला डिसेबल करून भागत नाही, तो ‘अनइन्स्टॉल’च करा. दुसरा कुठलाच उरला नाही तर डिफेंडर आपणहून काम हातात घेतो.

आणि ‘पीसी बूस्टर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ अशा नावाचं काही दिसलं तर तेही काढाच. मशीन वेगवान करतो म्हणणारा हा प्रोग्रॅम स्वतः दिवसभर मागे बसून मेमरी खातो आणि दर तासाला घाबरवतो. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक इतके धोके, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी आली तर तो नंबर फिरवू नका. फिरवून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

काही ॲप्स चिवट असतात. तुम्ही डिसेबल करता, पुढच्या अपडेटला ती परत चालू होतात. अशा ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘कॉम्प्युटर सुरू होताना उघडा’ या अर्थाची खूण काढा.

विंडोज ११ मध्ये स्टोअरवरून घेतलेल्या ॲप्ससाठी आणखी एक जागा आहे. ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, नावासमोरचे तीन ठिपके, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, आणि तिथे ‘बॅकग्राउंड ॲप परमिशन्स’ला ‘नेव्हर’. विंडोज १० मध्ये हेच ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी’, ‘बॅकग्राउंड ॲप्स’ इथे एका यादीत मिळतं.

> तपासा: तीन-चार बदल झाले की रीस्टार्ट करा आणि यादीतली कामं करून बघा: एक प्रिंट काढा, एक बिल उघडा, मराठीत एक ओळ टाइप करा. एका दमात पंधरा बदल केलेत आणि काही बंद पडलं, तर कशामुळे ते शोधायला पूर्ण दिवस जाईल.

## ६. ब्राउझर

आजकाल निम्म्या मशीनवर खरा खाऊ तोच असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी घेतंय ते दिसतं. नको असलेली एक्स्टेन्शन काढून टाका. विशेषतः कूपन देणारी, पीडीएफ बदलून देणारी आणि ‘कधी टाकलं ते आठवत नाही’ अशी.

मग क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’खाली ‘क्रोम बंद असतानाही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा’ या अर्थाची सोय बंद करा. एजमध्ये ‘सिस्टीम अँड परफॉर्मन्स’खाली अशीच सोय आहे, आणि तिथेच ‘स्टार्टअप बूस्ट’ही आहे. तुम्ही एज वापरतच नसाल तर दोन्ही बंद करा.

## ७. सर्व्हिसेस : इथे घाई महागात पडते

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमधून मला फोन आला. सकाळी दहाची वेळ, गेटवर टेम्पो उभा, आणि ऑफिसच्या मशीनवर बिलच निघेना. प्रिंटर दिसत नव्हता, बिलिंग ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणत होतं, इंटरनेटही गेलं होतं. आदल्या रात्री तिथल्या मुलाने ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’ उघडून सर्व्हिसेसखाली (म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणाऱ्या सेवा) ‘डिसेबल ऑल’ दाबलं होतं. चांगल्या हेतूने, मशीन वेगवान व्हावं म्हणून. त्या बटणाच्या शेजारी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ असा छोटा चौकोन असतो. त्यावर खूण करायची राहिली होती. त्यामुळे विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद झाल्या. आधी कोणती चालू होती, कोणती बंद, याची नोंद नव्हती. रिस्टोर पॉइंट नव्हता. शेजारच्या टेबलावरचं मशीन समोर ठेवून, एकेक ओळ ताडून बघण्यात माझी आणि त्यांची दुपार गेली. टेम्पो हाताने लिहिलेल्या चलनावर गेला. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो, आणि या लेखाला निमित्त तोच आहे.

म्हणून सर्व्हिसेसमध्ये जायचं ते पाचव्या-सहाव्या पायरीने भागलं नाही तरच.

स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ टाइप करून ती यादी उघडा. दुसऱ्या पायरीत ज्याचं नाव वहीत लिहिलं, फक्त त्याचीच सर्व्हिस शोधा. दोनदा क्लिक केलं की ‘स्टार्टअप टाइप’ दिसेल. जे असेल ते आधी वहीत लिहा. मग ‘ऑटोमॅटिक’ असेल तर ‘मॅन्युअल’ करा. ‘डिसेबल्ड’ करू नका. मॅन्युअलवर ठेवलेली सर्व्हिस गरज पडली की उठू शकते. डिसेबल्ड केलेली उठतच नाही, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्याही आडव्या होतात.

या ओळखून ठेवा, कारण लोक यांनाच बळी देतात:

- प्रिंट स्पूलर. ही गेली की एकही प्रिंट निघणार नाही.
- एसक्यूएल सर्व्हर. मेमरीच्या यादीत हा वर असतो म्हणून लोक मारतात. कितीतरी बिलिंग आणि हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचा पूर्ण डेटा यातून येतो. तो थांबला की सॉफ्टवेअर उघडत नाही. मायक्रोसॉफ्टचाच असल्याने वरच्या चौकोनावर खूण केली तर तो यादीत दिसणारही नाही.
- टॅलीची गेटवे सर्व्हिस. लायसन्स दुसऱ्या मशीनवरून मिळत असेल आणि ही बंद झाली तर टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडतं. लोकांना वाटतं लायसन्स संपलं.
- आरडी सर्व्हिस. सेतू किंवा ई-सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन आधारशी बोलतं ते हिच्यामार्फत. बंद केलीत तर मशीनचा दिवा लागेल, पण अंगठा घेतला जाणार नाही, आणि रांगेतली म्हातारी माणसं ताटकळतील.
- डिजिटल सहीच्या टोकनच्या सर्व्हिसेस. आज कळणार नाही, रिटर्न भरायच्या दिवशी कळेल.

‘सिसमेन’ (पूर्वीचं नाव सुपरफेच, नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सेवा) बंद करा असा सल्ला खूप फिरतो. जुनी हार्डडिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर ती थांबवून एक दिवस बघायला हरकत नाही. फरक पडला नाही तर परत ‘ऑटोमॅटिक’ करा. एसएसडी असेल तर हात लावू नका.

## ८. लपून परत येणारे

सगळं करूनही एखादा परत उगवतोच, तेव्हा दोन जागा बघायच्या. ‘टास्क शेड्युलर’मध्ये डावीकडच्या ‘लायब्ररी’वर क्लिक केल्यावर सगळ्यात वरच्या पातळीवर जी कामं दिसतात, ती बहुधा बाहेरच्या सॉफ्टवेअरची असतात. नको ते ‘डिसेबल’ करा, ‘डिलीट’ नको. आतल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरमध्ये शिरू नका.

दुसरी म्हणजे ‘ऑटोरन्स’. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे फुकट साधन त्यांच्याच साइटवरून घ्या. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ चालू करा आणि मगच यादी वाचा. पिवळ्या ओळी म्हणजे फाईल गेली पण नोंद राहिली. नको त्या ओळीसमोरची खूण काढली की ती बंद होते, परत खूण केली की चालू. घरच्या साध्या मशीनला इथपर्यंत यायची वेळ क्वचितच येते.

## ९. परत तेच माप

रीस्टार्ट, दहा मिनिटं शांतता, आणि पहिल्या पायरीतले तेच आकडे परत वहीत. सेकंद कमी झाले का? मोकळ्या मशीनचे टक्के उतरले का? मनाला ‘हलकं वाटतंय’ म्हणून थांबू नका, आकडा बघा. पुढचे चार-पाच दिवस नेहमीची कामं करा आणि काही अडलं तर लगेच वही उघडा.

काही मोडलं तर: शेवटचा बदल आधी उलटा करा, मग त्याच्या आधीचा. रीस्टार्ट प्रत्येक वेळी. तरी जमलं नाही तर रिस्टोर पॉइंट. विंडोज उघडतच नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की दुरुस्तीची स्क्रीन येते आणि तिथून ‘सिस्टीम रिस्टोर’ मिळतं. हा उपाय फक्त अडचणीतला आहे.

आकडे सुधारले नाहीत, मागे काही फारसं चालूही नाही, आणि डिस्क मात्र १०० वरच राहते, तर तुमचं मशीन जुन्या हार्डडिस्कवर अडकलंय. ४ जीबी रॅम ही विंडोज ११ ची किमान अट आहे, आरामाची नव्हे. आधी एसएसडी, मग जमल्यास रॅम, या क्रमाने पैसे घाला. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीन ११ ला पात्र आहे का ते खर्च करण्याआधी बघून घ्या. आणि एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क दुकानदाराकडे सोडून येऊ नका. कागदात गुंडाळून, तारीख घालून निदान महिनाभर कपाटात ठेवा. कुठली तरी राहिलेली फाईल पंधराव्या दिवशी आठवते.